विश्लेषण : लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली ‘एपीके’ खाते कशी रिकामी करते? गुगलचा नवा नियम ती थांबवेल का?

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे आमंत्रण येते. सोबत एक फाइल असते. पत्रिका समजून ती उघडली जाते आणि थोड्या वेळाने बँक खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात येते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याचे सुमारे १ लाख ९० हजार रुपये असेच गेले. मेसेजमध्ये ३० ऑगस्टची तारीख होती आणि लग्नाला जरूर येण्याचा आग्रह होता. फाइल पीडीएफसारखी दिसत होती, प्रत्यक्षात ती ‘एपीके’ होती.

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे नांदेड पोलीस परिक्षेत्रात येतात. या चारही जिल्ह्यांत आज पीक विम्याची माहिती, अनुदानाची यादी, शाळेची सूचना आणि वाहनाचे चलान मोबाइलवरच येते. त्यामुळे हिंगोलीत जे घडले ते उद्या मुखेड, देगलूर, उदगीर किंवा निलंग्यात घडू शकते. फक्त फाइलचे नाव वेगळे असेल.

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशभरात नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये ही रक्कम ७ हजार ४६५ कोटी होती. यात फसवणुकीचे सर्व प्रकार आले. त्यांपैकी एपीकेचा प्रकार वेगळा आहे, कारण त्यात ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा नेहमीचा सल्ला पुरेसा ठरत नाही. इथे ओटीपी कोणी विचारतच नाही. तो फोनमधून परस्पर वाचला जातो.

एपीके म्हणजे नेमके काय?

अँड्रॉइड फोनवरचे प्रत्येक अ‍ॅप एपीके स्वरूपातच फोनमध्ये बसते, मग ते बँकेचे असो की गेमचे. त्यामुळे एपीके हा शब्द स्वतःहून धोक्याचा नाही. पीडीएफ म्हणजे कागद, जेपीजी म्हणजे फोटो, तशी एपीके म्हणजे यंत्र. कागद वाचायचा असतो, यंत्र मात्र घरात बसल्यावर काम सुरू करते.

तांत्रिकदृष्ट्या एपीके हे एक गाठोडे आहे. त्यात अ‍ॅपचा कोड, चित्रे, मजकूर आणि ‘मॅनिफेस्ट’ नावाची एक यादी असते. अ‍ॅपला फोनमधल्या कोणत्या गोष्टींना हात लावायचा आहे, हे त्या यादीत लिहावेच लागते. कॅमेरा, संपर्क, एसएमएस, लोकेशन अशा गोष्टी त्यात आल्या. यादीत नसलेली परवानगी अ‍ॅपला मागता येत नाही. म्हणून कोणतीही संशयास्पद एपीके हाती आली की सॉफ्टवेअर इंजिनिअर सर्वांत आधी ही यादी पाहतो. लग्नाच्या पत्रिकेला एसएमएस वाचण्याची परवानगी कशाला हवी, या एका प्रश्नावर बहुतेक तपास तिथेच संपतो.

मग अँड्रॉइडची सुरक्षा कमकुवत आहे का?

तसे म्हणता येणार नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप स्वतंत्र कप्प्यात चालते. एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपची माहिती थेट वाचता येत नाही. बँकेच्या अ‍ॅपशेजारी चोराचे अ‍ॅप बसले तरी बँकेच्या कप्प्यातले त्याला दिसत नाही.

२०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून संवेदनशील परवानग्या अ‍ॅप वापरताना विचारल्या जाऊ लागल्या. २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून आणखी एक कुलूप आले. प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायचे असेल, तर ते ज्या मार्गाने आले त्या मार्गाला वेगळी परवानगी द्यावी लागते. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके उघडली, तर ‘या स्रोतावरून अज्ञात अ‍ॅप बसवू द्यायचे का’ असे फोन विचारतो. २०२२ मधील अँड्रॉइड १३ ने अशा बाहेरच्या अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी सहजासहजी मिळू नये अशी सोय केली.

म्हणजे नुसती फाइल फोनमध्ये आल्याने सहसा काही होत नाही. ती बसवताना दोन-तीन ठिकाणी फोन थांबवतो, विचारतो. चोर ही कुलपे फोडत बसत नाही. ती आपल्याच बोटाने उघडली जावीत अशी गोष्ट रचतो. पत्रिका उघडत नाही, ‘अपडेट करा’ असे दिसते, ‘परवानगी द्या’ असे दिसते. घाईत तीन वेळा ‘होय’ दाबले की काम झाले.

यातला ‘अपडेट करा’ हा टप्पा मुद्दाम ठेवलेला असतो. पहिले अ‍ॅप बऱ्याचदा रिकाम्या पिशवीसारखे असते. त्यात आक्षेपार्ह काही नसते. ते आपल्या पोटातली दुसरी एपीके बसवते आणि खरे काम ती दुसरी करते. अँड्रॉइड १३ मधील काही निर्बंधांना वळसा घालण्यासाठी ही युक्ती वापरली जाते.

एसएमएसची परवानगी इतकी महत्त्वाची का?

भारतात मोबाइल नंबर हीच आपली डिजिटल ओळख झाली आहे. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो. आधारचा ओटीपी एसएमएसने येतो. व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर सुरू करण्याचा कोडही एसएमएसने येतो. यूपीआय अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना तर आपल्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो आणि त्यावरून फोन व नंबर यांची सांगड घातली जाते.

एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी एखाद्या अ‍ॅपला दिली, की या सगळ्या दारांची किल्ली त्याच्याकडे जाते. उरते फक्त कार्डाची माहिती आणि पिन. त्यासाठी बनावट अ‍ॅप एक फॉर्म दाखवते. केवायसी, अनुदान, नोंदणी शुल्क अशी काहीतरी नावे असतात. त्यात आधार, पॅन, कार्ड क्रमांक आणि पिन भरून घेतला जातो. मग पैसे काढण्यासाठी फोन मालकाच्या हातात असला काय अन् नसला काय, फरक पडत नाही.

याच कारणाने गुगलने २०१९ पासून प्ले स्टोअरवरील अ‍ॅपवर बंधन घातले. मेसेज पाहण्याचे मुख्य अ‍ॅप किंवा मोजके अपवाद वगळता इतरांना एसएमएसची परवानगी मागता येत नाही. मग बँकेचे किंवा खरेदीचे अ‍ॅप ओटीपी आपोआप कसा भरते? त्यासाठी डेव्हलपरना ‘एसएमएस रिट्रीव्हर’ नावाची सोय उपलब्ध आहे. कंपनी पाठवत असलेल्या मेसेजच्या शेवटी त्या अ‍ॅपशी जोडलेला ११ अक्षरांचा कोड असतो. फोन तेवढा एकच मेसेज त्या अ‍ॅपला देतो. बाकीचा इनबॉक्स बंदच राहतो.

म्हणून वाचकाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. नीट बनवलेल्या अ‍ॅपला तुमचे सगळे एसएमएस वाचण्याची गरज सहसा नसते. जे अ‍ॅप ती परवानगी मागते, त्याच्याकडे भक्कम कारण असले पाहिजे.

फाइल ओळखीच्या नंबरवरून का येते?

‘अनोळखी नंबरवरची फाइल उघडू नका’ हा सल्ला अपुरा पडतो तो इथे. बनावट अ‍ॅप बसल्यावर चोर त्याच नंबरचे व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या फोनवर सुरू करू शकतो, कारण त्याचा कोड एसएमएसने येतो आणि एसएमएस त्याला दिसत असतात. मग भावकीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, गावातल्या शेतकऱ्यांचा ग्रुप, सगळीकडे तीच फाइल जाते. पाठवणाऱ्याच्या जागी मामांचे किंवा सरांचे नाव दिसते. लग्नसराई असेल तर पत्रिकेची कोणाला शंका येणार?

याला साधा उपाय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा अंकी पिन ठेवता येतो. तो पिन एसएमएसने येत नाही. त्यामुळे मेसेज वाचता आले तरी खाते सहज ताब्यात घेता येत नाही.

पत्रिकेशिवाय आणखी कोणती आमिषे?

जे मेसेज खरोखर येत असतात, त्यांचीच नक्कल होते. एमएच २४ लातूरचे आणि एमएच २६ नांदेडचे वाहन. त्या क्रमांकासह ‘चलान प्रलंबित’ असा मेसेज आला की माणूस दचकतो. जुलै २०२४ मध्ये ‘क्लाउडसेक’ या सायबर सुरक्षा कंपनीने ई-चलानच्या नावाने फिरणाऱ्या अशाच एपीकेचा माग काढला. तिच्या अहवालानुसार ४ हजार ४०० हून अधिक फोन बाधित झाले होते आणि व्हिएतनाममधून सूत्रे हलवणाऱ्या टोळीने १६ लाखांहून अधिक रुपयांचे गैरव्यवहार केले होते.

दुसरे आमिष सरकारी योजनेचे. पीएम किसानचा हप्ता, पीक विमा, अतिवृष्टीचे अनुदान, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ही मराठवाड्यात घरोघरी चर्चेची नावे आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात नांदेड आणि लातूरला अतिवृष्टीचा तडाखा बसला. त्यानंतर ‘यादीत नाव आले का’ हा प्रश्न गावोगावी विचारला जात होता. अशा वेळी ‘यादी’ नावाची फाइल कोण उघडणार नाही?

जुलै २०२५ मध्ये ‘मॅकअफी’ने प्रधानमंत्री सूर्यघर योजनेच्या नावाने चाललेला प्रकार उघड केला. मोफत विजेचे आमिष दाखवणारे व्हिडिओ यूट्यूबवर होते. बनावट सरकारी पान आणि एपीके ‘गिटहब’वर ठेवलेली होती. मुख्य अ‍ॅप बसवताना इंटरनेट बंद ठेवण्याची सूचना दिली जात होती. हेतू हा, की फोनमधील सुरक्षा तपासणीने इंटरनेटवरून शहानिशा करू नये.

डेव्हलपरचीच साधने चोराच्या हाती?

गिटहब हे काही चोरांचे ठिकाण नाही. नांदेडमध्ये विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेपासून लातूरच्या पॉलिटेक्निकपर्यंत कॉम्प्युटर शाखेचा विद्यार्थी आपला प्रोजेक्ट तिथेच ठेवतो. ‘फायरबेस’ ही गुगलची सेवाही तशीच. स्वतःचा सर्व्हर न उभारता अ‍ॅपची माहिती साठवता येते, छोट्या वापराला पैसे लागत नाहीत. विद्यार्थ्याला जे सोयीचे, ते चोरालाही सोयीचे. शिवाय या सेवांचे पत्ते नामांकित असल्याने ते सरसकट अडवता येत नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘झिम्पेरियम’ कंपनीने भारतीय बँकांच्या ग्राहकांना लक्ष्य करणाऱ्या सुमारे ९०० घातक अ‍ॅपचा अभ्यास जाहीर केला. ही अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके म्हणून पसरत होती. चोरलेले मेसेज सुमारे १ हजार मोबाइल नंबरकडे किंवा फायरबेसकडे वळवले जात होते. गंमत म्हणजे चोरांनी आपल्या फायरबेसला कुलूपच लावले नव्हते. २२२ ठिकाणी मिळून २.५ जीबी माहिती कोणालाही वाचता येईल अशी उघडी होती. त्यात बँकांचे मेसेज, कार्डांची माहिती आणि सरकारी ओळखपत्रांचे तपशील होते. सुमारे ५० हजार लोक यात सापडले होते. म्हणजे त्यांची माहिती आधी चोरली गेली आणि मग चव्हाट्यावर राहिली.

यात प्रामाणिक डेव्हलपरसाठीही धडा आहे. फायरबेस ‘टेस्ट मोड’मध्ये सुरू केले की ठरावीक दिवस ते कोणालाही वाचता-लिहिता येते. प्रोजेक्ट सादर होतो, पण काही जण तोच सैल नियम पुढे चालू ठेवतात. एखाद्या क्लासच्या अ‍ॅपमध्ये असे झाले, तर शेकडो मुलांचे नाव, नंबर आणि गुण उघड्यावर येतात.

प्रत्येक एपीकेवर ‘सही’ असते, मग बनावट कशी चालते?

हा या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक एपीकेवर डिजिटल सही असावीच लागते. सहीशिवाय अँड्रॉइड अ‍ॅप बसवून घेत नाही. मात्र ही सही करण्याची किल्ली डेव्हलपर स्वतःच तयार करतो. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये ते दोन मिनिटांचे काम आहे. त्यात नावाचा रकाना असतो. तिथे कोणी एखाद्या बँकेचे नाव लिहिले, तरी ते तपासायला कोणी नसते.

वेबसाइटचे तसे नसते. तिच्या प्रमाणपत्रासाठी तो पत्ता खरोखर आपल्या ताब्यात असल्याचे त्रयस्थ संस्थेपुढे सिद्ध करावे लागते. एपीकेच्या बाबतीत असा त्रयस्थ आजवर नव्हता.

मग सहीचा उपयोग काय? ती एवढेच सांगते की आजचे अपडेट आणि आधीचे अ‍ॅप एकाच हातचे आहे. म्हणूनच खऱ्या बँक अ‍ॅपवर बनावट अपडेट चढवता येत नाही. सही जुळली नाही तर फोन नकार देतो. चोराला वेगळ्या ओळखीचे दुसरे अ‍ॅप शेजारी बसवावे लागते. हात तोच आहे हे सहीवरून कळते, पण तो कोणाचा आहे हे कळत नाही.

गुगलचा नवा नियम काय आहे?

ही उणीव भरून काढण्यासाठी गुगलने २५ ऑगस्ट २०२५ रोजी ‘डेव्हलपर व्हेरिफिकेशन’ची घोषणा केली. त्यानुसार गुगलची मान्यता असलेल्या अँड्रॉइड फोनवर एखादे अ‍ॅप बसवायचे, तर ते बनवणाऱ्याची ओळख गुगलकडे नोंदलेली असावी लागेल. अ‍ॅप प्ले स्टोअरवर असो वा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले असो. डेव्हलपरला नाव, पत्ता, ईमेल आणि फोन नंबर द्यावा लागेल, सरकारी ओळखपत्रही लागू शकते. सोबत अ‍ॅपची ओळख आणि सहीची किल्ली आपलीच असल्याचे नोंदवावे लागेल.

गुगलने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत याची सुरुवात होईल. २०२७ पासून तो टप्प्याटप्प्याने जगभर लागू होणार आहे. भारत या दुसऱ्या टप्प्यात येतो. प्ले स्टोअरवरील अ‍ॅपच्या तुलनेत इंटरनेटवरून थेट बसवल्या जाणाऱ्या अ‍ॅपमध्ये ५० पटींहून अधिक घातक सॉफ्टवेअर आढळते, असे गुगलचे म्हणणे आहे.

भारतात एक उपाय त्याआधीच सुरू झाला आहे. ब्राउझर, मेसेजिंग अ‍ॅप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेले अ‍ॅप एसएमएस वाचणे, एसएमएस स्वीकारणे, नोटिफिकेशन वाचणे किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी यांपैकी परवानग्या मागत असेल, तर ‘प्ले प्रोटेक्ट’ते बसवणेच रोखते. सिंगापूरमधील प्रयोगानंतर गुगलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ही सोय भारतासाठी जाहीर केली. त्यामुळेच ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असे कोणी सांगत असेल, तर समोर चोर आहे असे समजायला हरकत नाही.

नांदेड-लातूरच्या डेव्हलपरवर काय परिणाम?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात हेच चार जिल्हे येतात. इथल्या कॉलेजांमधून दरवर्षी अनेक अ‍ॅप प्रोजेक्ट तयार होतात. ते दाखवण्याची पद्धत म्हणजे एपीके व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे. छोटे धंदेही असेच चालतात. समजा लातूरच्या आडत बाजारातील एखाद्या दुकानदाराने ओळखीच्या मुलाकडून सोयाबीनच्या हिशोबाचे अ‍ॅप करून घेतले. ते चार मुनीम वापरणार. त्यासाठी प्ले स्टोअरची वाट कोण धरणार?

ती वाट सोपीही नाही. खाते उघडायला एकदा २५ डॉलर भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडलेल्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही अट २० जणांची होती. चार जणांसाठीच्या अ‍ॅपला १२ परीक्षक गोळा करायचे, हे अनेकांना जड जाते.

नव्या नियमावर जगभरातील डेव्हलपरनी आक्षेप घेतले ते याच कारणाने. मुक्त सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ‘एफ-ड्रॉइड’ने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले, की हा नियम आला तर आपला प्रकल्प आजच्या रूपात चालू शकणार नाही. स्वतःच्या फोनवर काय बसवायचे हे ठरवण्याचा अधिकार एका कंपनीकडे जातो, असा त्यांचा मुद्दा आहे.

या टीकेनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने दोन सवलती जाहीर केल्या. विद्यार्थी आणि हौशी डेव्हलपरसाठी वेगळे खाते असेल, त्यातून मर्यादित फोनवर अ‍ॅप देता येईल. जाणकार वापरकर्त्यांना धोका समजून घेऊन नोंद नसलेले अ‍ॅप बसवण्याचा वेगळा मार्ग राहील. तो मार्ग फोनवर बोलत दबाव टाकणाऱ्या ठकाला सहज वापरता येऊ नये, असा रचला जाईल असे गुगलने म्हटले. केबलने कॉम्प्युटरला जोडून ‘एडीबी’ या साधनाने अ‍ॅप बसवणे पूर्वीसारखेच चालू राहील. म्हणजे कॉलेजच्या लॅबमधले काम अडणार नाही. अडचण येईल ती चार मुनिमांच्या अ‍ॅपसारख्या मधल्या कामांना. अशी कामे करणाऱ्यांनी नोंदणीची तयारी ठेवलेली बरी. सहीची किल्ली हरवणार नाही अशी जपणेही आलेच, कारण ती गेली की प्ले स्टोअरबाहेरच्या अ‍ॅपला पुढचे अपडेट देता येत नाही.

नियमाने फसवणूक थांबेल?

कमी होईल, थांबेल असे नाही. आज एक बनावट अ‍ॅप पकडले, तर चोर दुसऱ्या दिवशी नवी किल्ली बनवून दुसरे सोडतो. नवे नाव, नवी सही, खर्च शून्य. नोंदणी लागू झाली की प्रत्येक वेळी नवी ओळख आणावी लागेल आणि पकडलेल्या खात्याची सगळी अ‍ॅप एकदम अडवता येतील. चोरीचा खर्च वाढेल, वेग कमी होईल.

पण भाड्याने घेतलेली बँक खाती आणि दुसऱ्याच्या नावाची सिम कार्डे मिळतात, तशी डेव्हलपर खातीही मिळवण्याचा प्रयत्न होणारच. शिवाय नोंदणी ही माणसाची ओळख आहे, अ‍ॅपच्या वागण्याची हमी नाही. प्ले स्टोअरवरही अधूनमधून घातक अ‍ॅप सापडतात.

दुसऱ्या बाजूने एसएमएसवरचे अवलंबित्व कमी करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीबाबत नवे निर्देश काढले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात एसएमएस ओटीपीवर बंदी नाही, मात्र बँकांना इतर पद्धती वापरण्यास प्रोत्साहन आहे. ओटीपी एसएमएसने येणे जितके कमी होईल, तितकी चोराच्या हातातली ही किल्ली बोथट होईल.

इंजिनिअर अशी फाइल कशी तपासतो? आपण काय तपासावे?

जाणकार माणूस संशयास्पद एपीके फोनवर उघडतच नाही. ती कॉम्प्युटरवर घेऊन अँड्रॉइड स्टुडिओमधील ‘अ‍ॅनालाइझ एपीके’मध्ये परवानग्यांची यादी वाचतो. ‘जॅडएक्स’सारख्या साधनाने कोड उलगडून माहिती कुठे पाठवली जाते ते पाहतो. ‘व्हायरसटोटल’वर फाइल टाकून अनेक अँटीव्हायरसचे मत घेतो.

सामान्य वापरकर्त्याला एवढे करण्याची गरज नाही. त्याने पुढील गोष्टी पाहाव्यात :

● फाइलच्या नावाचे शेपूट वाचा. शेवटच्या टिंबानंतर एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे. नावात मधेच पीडीएफ लिहिले असले तरी फरक पडत नाही. पत्रिका, यादी, चलान, निकाल यांपैकी कशालाही एपीके लागत नाही.

● पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. मेसेजवर नको, कारण मेसेजला उत्तर चोरही देऊ शकतो.

● योजनेचे अ‍ॅप प्ले स्टोअरवर स्वतः शोधा आणि प्रकाशकाचे नाव पाहा. चलान परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून तपासता येते.

● सेटिंगमध्ये ‘अज्ञात अ‍ॅप बसवा’ शोधा. त्यात व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजरपुढची परवानगी बंद ठेवा.

● सेटिंगमधील परवानग्यांच्या यादीत एसएमएसवर जा. कोणकोणत्या अ‍ॅपना मेसेज दिसतात ते तिथे कळते. अनोळखी नाव असेल तर परवानगी काढा.

● घरातील ज्येष्ठांच्या फोनवर ही तीन-चार मिनिटांची तपासणी मुलांनी, नातवंडांनी करून द्यावी. फोन मोबाइल शॉपीतून सेट करून घेतला असेल, तर ती जरूर करावी.

अ‍ॅप बसवलेच गेले असेल तर?

पहिल्या काही मिनिटांना मोल आहे. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद करा. चोराशी असलेला फोनचा संपर्क तुटतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवा. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतात का, हे त्या वेगावर ठरते. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा.

मेसेज आणि फाइल पुसून टाकू नका, तो पुरावा आहे. त्यांचे स्क्रीनशॉट आणि व्यवहारांचे मेसेज जपून ठेवा. पासवर्ड व पिन दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बदला. बनावट अ‍ॅप अनेकदा स्क्रीनवरचे चिन्ह लपवते, त्यामुळे ते सेटिंगमधील अ‍ॅपच्या यादीत शोधावे लागते. काढता येत नसेल तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून काढा. कॉल दुसरीकडे वळवले असल्याची शंका असेल, तर ##००२# डायल केल्यावर कॉल फॉरवर्डिंग बंद होते. पोलिसांना आवश्यक माहिती दिल्यानंतर फोन फॅक्टरी रिसेट करणे सर्वांत खात्रीचे.

पैसे परत मिळण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेली तत्त्वे महत्त्वाची आहेत. बँक आणि ग्राहक दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः पिन वा पासवर्ड दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. एपीकेच्या प्रकरणात फॉर्ममध्ये पिन भरला होता की नाही, यावरून वाद होऊ शकतो. म्हणूनच तक्रारीची तारीख आणि वेळ लेखी स्वरूपात आपल्याजवळ असावी. बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथेही पहिला प्रश्न हाच असेल, की तुम्ही बँकेला नेमके कधी कळवले?